नग एक

बोरीबंदरच्या पार्सल ऑफिसात
जानेवारीतल्या एका मंगळवारी
वजनकाट्याशी येऊन उभी राहिली
एक लांबलचक सायकल:
दोन सीट, दोन हँडल, पायडलं चार,
चाकं मात्र दोनच.

सोबत ऑस्ट्रियाचे भाऊबहीण, साठीपलीकडचे.
योझेफ पुढे बसतो, इल्झे मागे.
इल्झेला दिसत नाही
हे मला जरा उशिरा कळलं,
तिच्यापुढे फॉर्म सरकवल्यावर.

एकवीस वर्षं झाली या खिडकीत.
आंब्याची कलमं पाठवलीत, तबले, पिंपभर मध,
एकदा वरातीचा घोडा,
पण ही एक की दोन, ते नियमात सापडेना.
साहेब म्हणाले, माणसं दोन ना?
मग नग दोन लावा, कामेरकर.
म्हटलं, मधून कापून आणू?
साहेब चहाला गेले.
मी एकच लिहिला.

फॉर्म मोटारसायकलीचाच.
टाकीतलं पेट्रोल काढलं का? लागू नाही.
इंजिन नंबर? लागू नाही.
किंमत?
योझेफनं बहिणीला त्यांच्या भाषेत विचारलं.
ती हसली, आणि बराच वेळ काही सांगत राहिली.
त्यानं मला सांगितलं एवढंच:
जुनी आहे.

त्यांच्याकडे म्हणे गाडीच्या एका डब्यावर
सायकलचं चित्र काढलेलं असतं.
आपणच चढवायची, पट्ट्यानं बांधायची
आणि समोर बसून तिच्यावर नजर—
इथे तो अडखळला.
इल्झे म्हणाली, मी घंटीपाशी बसते.
वळण आलं की ती आपली आपण किणकिणते.

मी म्हटलं, इथे तुम्ही एस-सातमध्ये,
ही ब्रेक व्हॅनमध्ये,
छत्र्यांच्या गठ्ठ्यांशेजारी.
कणकवलीला मिळेल.
बहुतेक.
ते "बहुतेक" त्यानं वहीत लिहून घेतलं.

मग मुनाफ आला, खांद्यावर गोणपाट,
दाभण शर्टाच्या खिशाला टोचलेलं.
घंटीला त्यानं उर्दू पेपराचं पान गुंडाळलं,
सीटला जुनी लुंगी.
तो शिवत गेला तशी
त्याच्या टाक्यांमागून इल्झेची बोटं चालत गेली.
काळ्या रंगात नंबर घातला, केवढा तरी मोठा,
तेव्हा तिनं विचारलं:
फलाटावर मी माझी ओळखू कशी?

मुनाफला इंग्रजी येत नाही.
प्रश्न मी सांगायच्या आत
मागच्या सीटपाशी त्यानं सुतळीला गाठी मारल्या,
चण्याएवढ्या,
आणि तिचं बोट धरून मोजल्या: एक, दो, तीन.
एक, दो, तीन, ती म्हणाली.
गाठींचे वेगळे लावू का रे? मी विचारलं.
म्हणाला, सुतळी उरलीच होती, मॅडम.

बावीस दिवसांनी पार्सल परत आलं.
वर गोणपाट नव्हतं,
खताची पोती उसवून, जोडून शिवलेली,
टाके कुणा नवशिक्याचे.
गोदामातला दिवा दोन दिवस गेलेला.
योझेफ दाराशीच चाचपडत राहिला.
इल्झे मात्र सरळ आत शिरली,
गाद्या, पंखे, कुणाचं तरी कपाट
हातानं बाजूला सारत,
आणि थांबली.

गाठी चार निघाल्या.
मुनाफनं दोनदा मोजल्या.
चौथी? त्यानं हातवाऱ्यानंच विचारलं,
मग लक्षात येऊन तोंडानं.
ही मी मारली, ती म्हणाली.
सैल होती.
मुनाफला ओढून घट्ट करायची सवय,
हात पुढे गेलासुद्धा त्याचा,
पण नाही केली त्यानं.

मी रजिस्टर उघडलं.
नग: एक. स्थिती: ठीक.
शेरा या रकान्यात काय घालावं सुचेना.
बाहेर पोती फाडल्याचा आवाज,
कागदाचा,
मग घंटी.

खिडकीत पुढचा माणूस उभा होता,
तीन मिक्सर घेऊन, इचलकरंजीसाठी.